जिमसाठी व्हेगर बसवताना: लॉगिनचा ४०३, सदस्यांची मांडणी आणि बॅकअप

प्रश्न थोडक्यात असा आहे. तीनेकशे सदस्यांची जिम, तीन प्रशिक्षक, सगळी नोंद एक्सेलमध्ये आणि वहीत. व्हेगर हे मुक्तस्रोत वेब अ‍ॅप (स्पेलिंग डब्ल्यू-जी-ई-आर) भाड्याच्या छोट्या सर्व्हरवर डॉकरने (प्रत्येक भाग कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणाऱ्या साधनाने) चालू केलं. आयपी पत्त्यावर ते उघडलं, लॉगिनही झालं. डोमेन आणि एचटीटीपीएस लावल्यावर मात्र लॉगिनचं बटण दाबताच ४०३ (प्रवेश नाकारल्याचा कोड) येतो, सीएसआरएफ पडताळणी, म्हणजे फॉर्म खरंच याच साइटवरून आला का ही तपासणी, फसली म्हणून. शिवाय फी, हजेरी आणि सदस्य यात कसे बसवायचे, हेही विचारलं आहे.

४०३ पंधरा मिनिटांत सुटेल. दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे, म्हणून तो आधी घेतो.

व्हेगर मुळात व्यायामाची वही आहे. कोणत्या दिवशी कोणता व्यायाम, किती सेट, किती किलो, शरीराचं वजन, आहाराचा आराखडा हे त्याचं मुख्य काम, आणि ते ते चांगलं करतं. त्याला जोडून जिमचा विभाग आहे: सदस्यांची यादी, प्रशिक्षकांच्या खासगी टिपा, कागदपत्रं आणि करार. हा करार म्हणजे नुसती नोंद असते. सुरुवातीची तारीख, शेवटची तारीख, रक्कम, मासिक की वार्षिक हे त्यात लिहिता येतं, पण पैसे जमा झाले का हे त्याला कळत नाही. ते पावती काढत नाही, थकबाकी मोजत नाही, दारावरचं कार्ड किंवा बोटाचा ठसा वाचत नाही.

त्यामुळे तुमची खरी अडचण कोणती ते आधी ठरवा. फी कोणाची राहिली आहे हे कळत नाही, ही अडचण असेल तर व्हेगर कितीही नीट बसवलं तरी ती तशीच राहील. त्यासाठी हिशेबाचं साधन हवं, उदाहरणार्थ ईआरपीनेक्स्ट. तेही मुक्तस्रोत आहे आणि त्यात ठरावीक मुदतीची वर्गणी आकारण्याची सोय आहे. प्रशिक्षक बदलला की सदस्याचा कार्यक्रम हरवतो, कोण किती वजनावर होतं ते कोणाला आठवत नाही, ही अडचण असेल तर व्हेगर योग्य. दोन्ही असतील तर दोन साधनं ठेवा आणि त्यांना सदस्य क्रमांकानं जोडा. फीचा विभाग व्हेगरमध्येच लिहून घ्यावा असं अनेकांना वाटतं. मी तो सल्ला देत नाही. मूळ अ‍ॅपच्या प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर तुमचा बदल पुन्हा जुळवावा लागतो, आणि वर्षभरात माणूस अपडेट घेणंच सोडून देतो. त्यातही परवाना एजीपीएल आहे: बदललेलं अ‍ॅप नेटवर्कवरून लोकांना वापरायला दिलं, तर त्या बदललेल्या प्रतीचा सोर्स कोड त्या वापरकर्त्यांना उपलब्ध करून द्यावा लागतो.

आता सर्व्हर. तीनशे सदस्य हा आकडा व्हेगरच्या दृष्टीनं लहान आहे, कारण एका वेळी पंधरा-वीसच जण वापरत असतात. मेमरी खातात ते एकत्र चालणारे कंटेनर: वेब, पोस्टग्रेस (डेटाबेस), रेडिस (तात्पुरती साठवण), एन्जिनएक्स (वेब सर्व्हर) आणि पार्श्वभूमीची कामं करणारे सेलरीचे दोन. दोन कोअर, २ जीबी रॅम आणि २५ जीबी डिस्क घ्या. १ जीबीवर २ जीबी स्वॅप (मेमरीसारखी वापरलेली डिस्कची जागा) जोडून चालतं, पण व्यायामांची यादी आणि चित्रं उतरवताना मेमरी संपते आणि कंटेनर १३७ या कोडनं बंद पडतो. १३७ म्हणजे बाहेरून जबरदस्तीनं मारलं गेलं, आणि अशा छोट्या सर्व्हरवर ते बहुतेक वेळा मेमरी संपल्यामुळेच असतं.

व्हेगरच्या डॉकर भांडारात कंपोज फाइल (कोणते कंटेनर कसे चालवायचे ते सांगणारी) आणि तिच्याजवळ प्रत्यक्ष वापरासाठीची एन्व्हायर्नमेंट फाइल (सेटिंगची फाइल) मिळते. पहिल्यांदा चालू करण्याआधी त्या सेटिंगच्या फाइलीतल्या पाच गोष्टी बदला. सीक्रेट की आणि सायनिंग की या दोन किल्ल्या, डेटाबेसचा पासवर्ड, आणि नोंदणीचे दोन स्विच. किल्ल्यांसाठी फक्त अक्षरं आणि आकडे वापरा, ६४ हेक्साडेसिमल चिन्हं उत्तम. डॉलरचं चिन्ह टाळाच, कारण कंपोज त्याला व्हेरिएबल समजतं आणि किल्ली अर्धवट कापली जाते. सीक्रेट की नंतर बदलली तर सगळे लॉगआउट होतात आणि पासवर्ड बदलण्याचे पाठवलेले दुवे मरतात. साठवलेले पासवर्ड मात्र शाबूत राहतात. सायनिंग की मोबाइल अ‍ॅपच्या टोकनसाठी असते.

डेटाबेसच्या पासवर्डचं गणित वेगळं आहे. पोस्टग्रेसचा कंटेनर तो फक्त एकदाच वाचतो, डेटाचा व्हॉल्यूम (कंटेनरबाहेरची कायमची साठवण) रिकामा असताना. नंतर फाइलीत बदललात तर अ‍ॅप नवा पासवर्ड पाठवतं आणि डेटाबेस जुनाच मागतो. मग डेटाबेसच्या आत शिरून पासवर्ड बदलावा लागतो, किंवा अजून काही भरलेलं नसेल तर व्हॉल्यूम काढून पुन्हा सुरुवात करावी लागते.

नोंदणीचे दोन स्विच म्हणजे बाहेरच्या कोणालाही खातं उघडता येणं आणि पाहुणा म्हणून शिरता येणं. जिमसाठी दोन्ही बंद. उघडे राहिले तर महिनाभरात यादीत बॉटनी बनवलेली खाती सापडतात, आणि 'डीफॉल्ट जिम' ठरवलेली असेल तर ती खाती थेट तुमच्या सदस्यांत जाऊन बसतात.

पहिल्यांदा चालू केल्यावर काही मिनिटं ५०२ (मागचा सर्व्हर अजून उत्तर देत नाही असा कोड) दिसेल. डेटाबेसची रचना तयार होत असते, घाबरून पुन्हा पुन्हा रीस्टार्ट करू नका, वेब कंटेनरचा लॉग पाहत बसा. पान उघडलं पण रंगरूप नाही, नुसता मजकूर आणि निळे दुवे दिसतात, असं झालं तर तुम्ही वेब कंटेनरचा ८००० पोर्ट थेट उघडला आहे. सीएसएस आणि चित्रं देण्याचं काम त्याच्या पुढच्या एन्जिनएक्सचं असतं, म्हणून वाट नेहमी त्याच्यामधूनच काढायची. पहिलं खातं 'अ‍ॅडमिन' आणि पासवर्ड 'अ‍ॅडमिनअ‍ॅडमिन' असतो. डोमेन लावण्याआधी तो बदला, नंतर नव्हे. एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र मिळालं की ते सार्वजनिक नोंदवहीत येतं, आणि नव्या डोमेनवर कोरे लॉगिन शोधणारे बॉट काही मिनिटांत पोहोचतात.

आता तो ४०३. ब्राउझर लॉगिनचा फॉर्म पाठवताना 'ओरिजिन' नावाच्या हेडरमध्ये पान कुठून आलं ते सांगतो, स्कीमसकट (एचटीटीपी की एचटीटीपीएस). तुमच्या बाबतीत तो सांगतो: एचटीटीपीएस आणि तुमचं डोमेन. पण एचटीटीपीएस बाहेरच्या प्रॉक्सीपाशी (विनंत्या घेऊन आत पाठवणाऱ्या मधल्या सर्व्हरपाशी) संपतं. तिथून आत अ‍ॅपपर्यंत विनंती साध्या एचटीटीपीनं जाते. अ‍ॅप ज्या चौकटीवर लिहिलं आहे ती जांगो, ४.० आवृत्तीपासून हा ओरिजिन तपासते. तिला वाटतं आपण एचटीटीपीवर आहोत, ब्राउझर म्हणतो एचटीटीपीएस, दोन्ही जुळत नाहीत, म्हणून ४०३. आयपीवर चालत होतं कारण तिथे दोन्हीकडे एचटीटीपीच होतं.

उपाय तीन ठिकाणी करायचा आहे. एन्व्हायर्नमेंट फाइलीत 'सीएसआरएफ ट्रस्टेड ओरिजिन्स' या ओळीत तुमचा पत्ता स्कीमसकट लिहा, म्हणजे एचटीटीपीएस, कोलन, दोन तिरक्या रेघा आणि मग डोमेन, शेवटी तिरकी रेघ नको. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याशिवाय दोन्ही वापरत असाल तर दोन्ही, स्वल्पविराम देऊन. 'साइट यूआरएल'मध्येही तोच पत्ता, कारण मेलमधले आणि चित्रांचे दुवे त्यावरून बनतात. तिसरं, 'एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो' हेडर मानावा असं सांगणारा स्विच त्याच फाइलीत आहे, तो 'ट्रू' करा, आणि बाहेरची प्रॉक्सी तो हेडर तसंच मूळ होस्टचं नाव पुढे पाठवते का ते पाहा. तुमच्याकडे एकामागे एक दोन प्रॉक्सी आहेत. बाहेरच्यानं 'एचटीटीपीएस' लिहिलं आणि आतल्या एन्जिनएक्सनं त्यावर 'एचटीटीपी' लिहिलं, तर सगळं बरोबर असूनही ४०३ राहतो.

हे करूनही काहीच बदललं नाही, अशी तक्रार बहुतेक वेळा येते, आणि त्याचं कारण एकच असतं: 'डॉकर कंपोज रीस्टार्ट'. रीस्टार्ट तोच जुना कंटेनर पुन्हा उठवतो, एन्व्हायर्नमेंट फाइल नव्यानं वाचत नाही. 'डॉकर कंपोज अप' डी पर्यायासह द्या, म्हणजे कंटेनर नव्यानं बनतो. मग वेब कंटेनरच्या आत जाऊन एन्व्हायर्नमेंट छापून बघा, ती ओळ तुमच्या डोळ्यांना दिसली पाहिजे.

बाहेरची प्रॉक्सी म्हणून मी कॅडी सुचवतो, कारण लेट्स एन्क्रिप्टसारख्या सेवेचं प्रमाणपत्र ती स्वतः मिळवते, स्वतः नूतनीकरण करते आणि हे हेडरही न सांगता पुढे पाठवते. सर्टबॉट (प्रमाणपत्र आणणारं साधन) जोडून एन्जिनएक्स वापरलात तरी हरकत नाही, फक्त ९० दिवसांचं प्रमाणपत्र आपोआप नवं होतंय हे कोरडी चाचणी (खरं प्रमाणपत्र न घेता केलेली तालीम) करून पाहा. स्वतः सही केलेलं प्रमाणपत्र लावू नका. ब्राउझर इशारा देऊन आत सोडतो, पण व्हेगरचं मोबाइल अ‍ॅप जोडणीच नाकारतं, आणि सदस्य मोबाइलच वापरणार. त्या अ‍ॅपमध्ये लॉगिनच्या वेळी स्वतःच्या सर्व्हरचा पत्ता देता येतो.

कॅडीला ८० आणि ४४३ लागतात, म्हणून व्हेगरच्या एन्जिनएक्सला फक्त लोकलहोस्टच्या (सर्व्हरच्या स्वतःपुरत्या पत्त्याच्या) १२७.०.०.१ वर ८०८० सारखा पोर्ट द्या. पत्ता न लिहिता नुसता पोर्ट दिला तर तो जगाला उघडा राहतो, यूएफडब्ल्यू या फायरवॉलची भिंत उभी असली तरी. डॉकर आपले नियम थेट लिनक्सच्या आयपीटेबल्स या नियमयादीत लिहितं आणि यूएफडब्ल्यूला वळसा घालून जातं. आणखी एक बारीक गोष्ट: हा बदल ओव्हरराइड फाइलीत (मूळ कंपोज फाइलीवरचे बदल लिहिण्याच्या वेगळ्या फाइलीत) केला तर पोर्टची यादी बदलत नाही, मूळ यादीला जोडली जाते. जुना ८० तसाच राहतो आणि कॅडी 'पोर्ट वापरात आहे' म्हणून उठत नाही. नव्या कंपोजमध्ये त्यासाठी 'ओव्हरराइड' हा टॅग आहे, नाहीतर मूळ फाइलीतच बदला.

एचटीटीपीएस लागल्यावर जिममध्ये हमखास उद्भवणारी अडचण वेगळीच आहे: सगळ्यांचं लॉगिन एकदम बंद होणं. चुकीचे पासवर्ड मोजून कुलूप लावण्यासाठी व्हेगर अ‍ॅक्सेस नावाचं साधन (स्पेलिंग ए-एक्स-ई-एस) वापरतं. फाइलीतल्या तयार सेटिंगप्रमाणे १० चुका झाल्या की ३० मिनिटं कुलूप, आणि मोजणी आयपी पत्त्यावर. आता जिमचं दृश्य डोळ्यांपुढे आणा. संध्याकाळी सात वाजता चाळीस जण एकाच वायफायवर आहेत, म्हणजे बाहेरून सगळ्यांचा पत्ता एकच. त्यांतल्या चौघांनी तीन-तीनदा पासवर्ड चुकवला की दहा चुका भरल्या, आणि प्रशिक्षकासकट सगळे बाहेर. सेटिंगमध्ये प्रॉक्सीची संख्या चुकीची दिली असेल तर आणखी वाईट: अ‍ॅपला प्रत्येक जण प्रॉक्सीच्याच पत्त्यावरून आल्यासारखा दिसतो, आणि बाहेरचा एखादा बॉट तुमच्या संपूर्ण जिमला कुलूप लावू शकतो. तेव्हा प्रॉक्सीची संख्या तुमच्या मांडणीप्रमाणे भरा, आणि कुलूप आयपीऐवजी सदस्यनामावर ठेवा. यात कोणी मुद्दाम दुसऱ्याचं खातं अर्धा तास अडवू शकतो हे खरं, पण एकाचं अडणं परवडतं. कुलूप मात्र पूर्ण बंद करू नका.

इथपर्यंत अ‍ॅप बाहेरून सुरक्षित आणि आतून वापरायला तयार झालं. आता माणसं.

जिमच्या विभागात तीन प्रशासकीय भूमिका आहेत. सर्वसाधारण व्यवस्थापक जिम तयार करतो, व्यवस्थापक आणि प्रशिक्षक नेमतो, पण सदस्यांच्या व्यायामाची माहिती त्याला दिसत नाही. जिम व्यवस्थापक एका जिमचे सदस्य आणि करार सांभाळतो. प्रशिक्षक एका जिमच्या सदस्यांचे कार्यक्रम आखतो, आणि सदस्याच्या खात्यात शिरून त्याच्या जागी कार्यक्रम भरू शकतो. मालकाला सगळं दिसायला हवं म्हणून त्याला प्रशासकाचं खातं देतात, ते करू नका. प्रशासकाचं खातं फक्त सर्व्हर सांभाळणाऱ्यापाशी असावं. मालक जिम व्यवस्थापक, रिसेप्शनवरची व्यक्तीही जिम व्यवस्थापक, आणि तिघांना प्रशिक्षकाची वेगवेगळी खाती. तिघांत मिळून एक खातं ठेवलं तर टीप कोणी लिहिली ते कधीच कळत नाही, आणि एक जण नोकरी सोडून गेला की दोघांचा पासवर्ड बदलावा लागतो.

सर्वसाधारण व्यवस्थापक सोडला तर प्रत्येकाचं खातं ज्या जिमखाली तयार झालं त्याच जिमला बांधलेलं राहतं. पुढे दुसरी शाखा काढणार असाल तर दोन्ही शाखांची नावं सुरुवातीलाच ठरवा. आणि 'डीफॉल्ट जिम' हे सेटिंग विचार करूनच जतन करा: ते नव्या खात्यांनाच नव्हे, जिम नसलेल्या सगळ्या जुन्या खात्यांनाही त्या जिममध्ये टाकतं.

सदस्य भरताना सदस्यनामासाठी नाव वापरू नका, क्रमांक वापरा. इंग्रजी 'एम' आणि पुढे चार आकडे, उदाहरणार्थ एम०१४२, आकडेही इंग्रजीच. नावं जुळतात, आडनावं बदलतात, क्रमांक टिकतो, आणि फीच्या वहीशी जोडायलाही तोच लागतो. देवनागरी सदस्यनाम द्यायचा मोह झाला तर एक गंमतीशीर अडथळा येतो: 'कमल' चालतं, 'सीमा' चालत नाही. जांगो सदस्यनामात अक्षरं, आकडे आणि मोजकी चिन्हं घेते, आणि ती ज्या भाषेत लिहिली आहे त्या पायथनच्या लेखी काना, मात्रा, वेलांटी ही अक्षरंच नव्हेत. नाव आणि आडनावाच्या रकान्यांत मात्र देवनागरी बिनधास्त लिहा, तिथे ही तपासणी नाही.

एक्सेलमधून सगळे एकदम आणण्याचं तयार बटण शोधण्यात वेळ घालवू नका. सदस्य नव्यानं जोडला की अ‍ॅप पासवर्ड बनवून दाखवतं, तो त्याच वेळी छापून किंवा उतरवून घ्यायचा असतो, पान सोडल्यावर पुन्हा मिळत नाही. तीनशे जणांना हातानं भरायला दोन माणसांना दोनेक दिवस लागतात, आणि त्या निमित्तानं सोडून गेलेले शंभर जण गळतात. स्क्रिप्ट लिहायचीच असेल तर जांगोच्या शेलमधून (आज्ञा टाइप करण्याच्या जागेतून) लिहा, आधी दहा सदस्यांवर चालवा, आणि तिच्यात खाती बनवताना जिम लागली का ते पाहा. एक्सेलची शीट आधी स्वच्छ करा. फोनचा रकाना मजकूर म्हणून ठेवा, नाहीतर सुरुवातीचं शून्य उडतं. तारखा वर्ष-महिना-दिवस अशा करा, कारण ०३/०४ म्हणजे मार्च की एप्रिल हे स्क्रिप्टला सांगता येत नाही. नवरा-बायकोनं एकच मेल दिला असेल तर दोघांना वेगळा मागा. पासवर्ड विसरल्यावर दुवा त्या मेलवरच जातो. व्हेगरची यादी सीएसव्हीत उतरवली आणि एक्सेलमध्ये देवनागरीऐवजी अगम्य चिन्हं दिसली, तर फाइल बिघडलेली नाही. डबल-क्लिकनं न उघडता डेटा टॅबमधून आयात करा आणि यूटीएफ-८ निवडा.

कराराचा प्रकार आणि पर्याय यांत गल्लत होते. प्रकार एकच असतो: विद्यार्थी, संस्थापक सदस्य, सकाळची वेळ. पर्याय अनेक असू शकतात: नियमावलीवर सही केली, वैद्यकीय दाखला दिला, लॉकर घेतला. प्रकार चार-पाचच ठेवा. सोडून गेलेल्या सदस्याचं खातं निष्क्रिय करा, काढून टाकू नका. काढलं की त्याच्या नोंदीही जातात, आणि माणसं सहा महिन्यांनी परत येतात.

मेलचं सेटिंग नसेल तर पासवर्ड बदलण्याचा दुवा कोणालाच मिळत नाही, आणि रोज दोघं-तिघं तुमच्यापाशी येतात. मेल चालू करण्याचा स्विच, पाठवणारा सर्व्हर, ५८७ पोर्ट, टीएलएस, आणि 'पाठवणारा' म्हणून त्याच डोमेनचा पत्ता भरा. अनेक भाड्याच्या सर्व्हरवर २५ पोर्ट बंद असतो, म्हणून थेट सर्व्हरवरून मेल पाठवण्याच्या फंदात पडू नका. मेल चालू झाला की निष्क्रिय सदस्यांचा आढावाही उपयोगी पडतो: किती आठवडे नोंद नाही म्हणजे निष्क्रिय, हा आकडा जिमच्या सेटिंगमध्ये असतो. लक्षात ठेवा, इथे 'नोंद' म्हणजे व्यायामाची नोंद. रोज येणारा पण अ‍ॅप न उघडणारा सदस्यही यादीत दिसेल. त्याला कोणी उगाच 'तुम्ही येत नाही' असं म्हणू नये, म्हणून आढाव्यातून वगळण्याची खूण त्याच्या खात्यावर करा.

बॅकअपमध्ये तीन वस्तू लागतात. एक, पोस्टग्रेसचा डंप (डेटाबेसची एका फाइलीत काढलेली प्रत), पीजीडंपनं कस्टम स्वरूपात, डेटाबेस चालू असताना घेतलेला. चालू डेटाबेसची फोल्डर नुसती कॉपी केली तर ती प्रत उठेलच याची खात्री नाही. दोन, मीडियाचा (चढवलेल्या फाइलींचा) व्हॉल्यूम. तीन, एन्व्हायर्नमेंट आणि कंपोज फाइली. सदस्यांची कागदपत्रं डंपमध्ये नसतात, फाइली म्हणून साठतात, हे लोक विसरतात आणि वैद्यकीय दाखले जातात. रोज रात्री घ्या, सात रोजचे आणि चार आठवड्यांचे ठेवा, दुसऱ्या ठिकाणी पाठवा, आणि पाठवण्याआधी एन्क्रिप्ट करा, कारण त्यात लोकांची वजनं आणि दुखण्यांच्या टिपा आहेत. महिन्यातून एकदा तो डंप वेगळ्या मशीनवर उभा करून एखाद्या ओळखीच्या सदस्याचा गेल्या आठवड्याचा व्यायाम उघडून बघा. 'डॉकर कंपोज डाउन' या आज्ञेला व्ही पर्याय कधीही लावू नका. तो व्हॉल्यूमसकट सगळा डेटा पुसतो आणि विचारतही नाही.

अपडेटच्या आधी ताजा डंप, मग नव्या प्रतिमा (ज्यांवरून कंटेनर बनतात ते तयार साचे) ओढा, मग 'डॉकर कंपोज अप'. नवी आवृत्ती उठताना डेटाबेसची रचना बदलते, त्यामुळे बिघडलं तर नुसती जुनी प्रतिमा लावून परत फिरता येत नाही, डंपही परत घालावा लागतो. कंपोज फाइल नव्यानं आणलीत तर पोस्टग्रेसचा मुख्य आवृत्ती क्रमांक बदललाय का ते पाहा. बदलला असेल आणि तसंच चालू केलं, तर 'डेटाबेसच्या फाइली या सर्व्हरशी जुळत नाहीत' असं म्हणून तो कंटेनर उठतच नाही. डेटा गेलेला नसतो. कंपोजमध्ये जुना क्रमांक परत लिहा, चालू करा, डंप घ्या, मग नव्या क्रमांकाला रिकामा व्हॉल्यूम देऊन त्यात तो डंप भरा. जुना व्हॉल्यूम आठवडाभर तसाच राहू द्या.